शून्य नोंदी

रात्रीची जेवणं आटोपली होती आणि मी एका चित्रपटसंग्रहाची ऑनलाइन सूची उघडून जुन्या मराठी चित्रपटांची सालं ताडून बघत बसले होते. आई शेजारी येऊन टेकली. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "यात माणसाचं नाव टाकून शोधता येतं का गं?" येतं म्हटलं. "मग दादांचं टाक की." दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. मी नाव टाकलं. आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये, मग आडनाव आधी घालून, मग नुसती आद्याक्षरं. दर वेळी खाली तीच ओळ उमटत होती: शून्य नोंदी. आई म्हणाली, "असू दे," आणि दूध विरजायला उठून गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहिला. मला मात्र ते 'असू दे' काही केल्या सोडवेना. कारण जाता जाता ओट्यापाशी उभी राहून ती हळूच बोलली होती, "एवढी वर्षं तिथं राबले, कुठंच नाही म्हणजे काय?"

दादांचं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या स्टुडिओंमध्ये गेलं. मिसरूड फुटायच्या वयात ते प्रभात फिल्म कंपनीच्या सेटिंग खात्यात हाताखालचा पोरगा म्हणून लागले. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला हलली तेव्हा म्हातारी आई आणि तुकडाभर शेती टाकून जाणं त्यांना जमलं नाही. ते मागे राहिले, आणि पुढे कोल्हापुरात ज्या स्टुडिओत काम निघेल तिथे जात राहिले. सुतारकाम. राजाचं सिंहासन आणि शेतकऱ्याची बाज, महालाची कमान आणि तुरुंगाचा दरवाजा, सगळं त्याच हातांनी. मी त्यांना पाहिलं ते थकल्यावर. तरीही सोप्यात, खिडकीखाली, एका लाकडी पेटीत त्यांची हत्यारं रांगेने लावलेली असायची: रंधा, पटाश्या, वाकस, करवत, गुण्या. गुण्याची पितळी पट्टी अंगठा लागून लागून एका जागी झिजली होती. पेटी उघडली की जवसाच्या तेलाचा आणि लोखंडाचा मिळून एक वास यायचा. नातवंडांनी त्या पेटीला हात लावलेला त्यांना खपत नसे. मला तेवढा गुण्या धरू द्यायचे, कारण त्याला धार नव्हती.

शनिवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला की आम्ही सगळे गोष्टीत बुडालेले असायचो आणि दादा वेगळंच काही बघत असायचे. नायिका रडत असली, नायक घर सोडून निघालेला असला, तरी त्यांची नजर त्यांच्या मागे. "ते हिरोचं ऱ्हाऊ दे गं, मागची कमान बघ. वळ कसा आलाय!" कधी एखादा खांब दिसला की नाराजीने मान हलवायचे: "पोकळ हाय. सावली बघ की, हलतीया." मला तेव्हा राग यायचा, कारण त्यांच्यामुळे गोष्ट तुटायची. पुढे कॉलेजात चित्रपटांविषयी वाचायला लागले तेव्हा कळलं की ज्याला मोठे लोक कलादिग्दर्शन म्हणतात त्याचं पहिलं शिक्षण मला सोप्यातल्या घोंगडीवर बसून मिळालं होतं.

त्या रात्रीनंतर मी पुन्हा पुन्हा सूच्या चाळत राहिले. एकच एक नाही, मिळतील त्या सगळ्या. अशा सूचीत शोधणं हे एक वेगळंच काम आहे आणि त्याचा नाद लागतो. आपल्याकडच्या चित्रपटांची नावं रोमन लिपीत नोंदताना ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे नोंदली. ज्ञानेश्वर कुठे 'डी-एन-वाय'खाली सापडतात, कुठे 'जे-एन'खाली, कुठे 'जी-वाय'खाली. मूकपटांच्या काळात तर एकाच चित्रपटाची दोन नावं असत, एक देशी आणि एक इंग्रजी जाहिरातीसाठी. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' शोधायचा तर 'द इंडियन शायलॉक' हेही टाकून बघावं लागतं. हळूहळू लक्षात येतं की नावापेक्षा साल धरून गेलेलं बरं. साल, भाषा, कंपनी, एवढं घालायचं आणि जी यादी येईल ती शांतपणे वरून खाली वाचत जायची. आपण शोधत असलेलं सापडत नाही, पण त्याच्या शेजारचं भलतंच काही हाती लागतं आणि घड्याळात दीड वाजलेला असतो.

अशा यादीतली एक नोंद जवळून बघा. चित्रपटाचं नाव. वर्ष. मूक, कृष्णधवल. कंपनी. दिग्दर्शक. छायाचित्रण. चार-पाच कलाकार. लांबी फुटांत. हा फुटांचा आकडा मला फार आवडतो. चित्रपट मिनिटांत मोजायची सवय आपल्याला नंतर लागली. ज्यांनी तो हातात धरला, गुंडाळला, डब्यात भरून बैलगाडीवर चढवला, त्यांच्या लेखी तो लांबीने मोजायचा माल होता. हजार फुटांचं एक रीळ. मूकपटाच्या संथ वेगाने चालवलं तर सोळा-सतरा मिनिटं, बोलपटाच्या वेगाने अकरा. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली आणि चित्रपट तपासून त्यांची दप्तरी नोंद व्हायला लागली. इंग्रज सरकारला काय दाखवलं जातंय यावर लक्ष ठेवायचं होतं म्हणून ती दप्तरं तयार झाली. आज त्या काळातल्या कित्येक चित्रपटांसाठी तीच दप्तरं, वर्तमानपत्रातली एखादी जाहिरात आणि थिएटरबाहेर विकलं जाणारं पातळ कागदाचं पुस्तक, एवढाच काय तो पुरावा उरला आहे. पहाऱ्यासाठी लिहिलेली वही शंभर वर्षांनी आपल्याला वंशावळीसारखी वाचावी लागते.

आणि नोंदीच्या शेवटी प्रिंटची, म्हणजे शिल्लक असलेल्या प्रतीची, माहिती असते. ती बहुतेक वेळा नसते.

'सावकारी पाश' नाही. हरि नारायण आपट्यांच्या कथेवरचा, कर्जात जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याचा चित्रपट. त्यात तरुण शांताराम होते. झोपडीचं एक दृश्य आणि दूरवर रडणारं कुत्रं, एवढं वर्णन आम्ही सगळे एकमेकांच्या लेखांतून वाचत आलो. बघितलेलं कोणी उरलेलं नाही. पेंटरांनी तोच विषय १९३६ मध्ये बोलपटात पुन्हा घेतला, पण मूळचा गेला तो गेला. पेंटरांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या १९२० च्या 'सैरंध्री'चं तसंच. ज्या चित्रपटामुळे टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, तो आज कोणाला दाखवता येत नाही. त्या कंपनीच्या कामापैकी 'मुरलीवाला'सारखे काही अंश वाचले, बस्स. साऱ्या देशात मूकपट बनले सुमारे तेराशे. पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून हाती लागतील असे तीसच्या आसपास. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आपल्याकडे आहे, आणि तेही १९१३ चं नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. 'आलम आरा'चा तर एक फूटही नाही. मी ही यादी कितीदा वाचली असेल, तरी प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडतो.

का गेलं याची कारणं कोणी लपवलेली नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की तिच्यातूनच प्राणवायू सुटतो, त्यामुळे पाण्याखालीही ती जळत राहते. १९५० च्या सुमारास ती बनायची थांबली, तोवर गोदामंच्या गोदामं जळून गेली होती. जी जळली नाही ती कपाटात चिकट होत होत भुकटी झाली. आणि जी तशीही गेली नाही तिच्यात चांदी होती. बोलपट आल्यावर मूकपटाचं रीळ म्हणजे कोणाला नको असलेला माल. भंगारवाला ते वजनावर घेऊन चांदी काढायचा. दादा सांगायचे, जुनी प्रिंट धुतली की काचेसारखी पारदर्शक पट्टी उरायची आणि पोरं ती खेळायला घ्यायची. नंतर आलेली ॲसिटेटची फिल्म पेटत नाही खरी, पण उष्णतेत आणि दमटपणात तीही आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास नाकात जातो, आणि त्या वासाचा अर्थ फिल्म सांभाळणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत असतो. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या तिजोरीला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जिवापाड जपलेली कितीतरी नायट्रेट रिळं गेली. मी तेव्हा पुण्यातच होते. प्रभात रस्त्याने जाताना लोक थांबून धुराविषयी बोलत होते. कोणाचं तरी घर जळावं तशी ती चर्चा होती, आणि ती तशीच असायला हवी होती.

आमच्या घरातली आग मात्र वेगळी. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. आई तेव्हा अगदी लहान. तिला स्वतःला आठवत नाही, पण घरात सांगितलं जायचं ते तिने इतक्यांदा ऐकलंय की तिच्या डोळ्यांसमोर ते आहेच. दादा दुसऱ्या दिवशी तिकडे गेले. परत आले ते हातात अर्धी जळलेली एक महिरप घेऊन. त्यांनीच कोरलेली. आजीने विचारलं, हे काय करायचं? ते काही बोलले नाहीत. ती महिरप कित्येक वर्षं गोठ्यात भिंतीला टेकून होती आणि मग एका पावसाळ्यात कोणीतरी चुलीत घातली. भालजी पुन्हा उभे राहिले, जळलेला चित्रपट त्यांनी पुन्हा बनवला, आणि दादाही पुन्हा कामावर गेले. यातलं भालजींचं वाक्य पुस्तकांत सापडतं. दादांचं कुठेही लिहिलेलं नाही. ते मी आत्ता लिहिते आहे.

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. त्यानंतर वर्षभरात तिथे पी. के. नायर आले आणि १९९१ पर्यंत राहिले. संग्रहालय म्हणजे काय हे या देशात त्यांनी हाताने करून दाखवलं. 'कालिया मर्दन'चे तुकडे मिळवून त्यांची जुळणी लावण्यामागे त्यांचीच चिकाटी होती, आणि आज आपण फाळक्यांच्या छोट्या मंदाकिनीला कृष्णाच्या वेषात हसताना, रुसताना, चिडताना पाहू शकतो ते त्यामुळे. नायरांची एक सवय मला त्यांच्या सगळ्या कामगिरीपेक्षा जवळची वाटते. ते अंधारात चित्रपट बघता बघता वहीत टिपणं घ्यायचे. कोणतं दृश्य कोणत्या रिळात येतं हे त्यांना तोंडपाठ असे. आज आपण शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकतो आणि क्षणात यादी येते, तेव्हा वाटतं यंत्राने शोधलं. यंत्र फक्त आणून देतं. कोणीतरी त्याआधी डबा उघडलेला असतो, वास घेतलेला असतो, फिल्म टेबलावर पसरून दिव्यावर धरलेली असते, डोळे बारीक करून नामावली वाचून उतरवलेली असते. सूचीतली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी पाठदुखीची आहे. त्या माणसांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते, आणि म्हणूनच आईच्या प्रश्नावर त्यांना दोष द्यावा असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांनी जे पडद्यावर लिहिलं होतं ते उतरवून घेतलं. पडद्यावरच दादा नव्हते.

तर मग प्रश्न मागे जातो, नामावली लिहिणाऱ्याकडे. प्रभातच्या चित्रपटांची सुरुवातीची पाटी बघावी. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, कला, संगीत. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम. मोठी माणसं, आणि त्यांच्यातली बहुतेक स्वतः हातात ब्रश आणि हातोडा घेऊन वर आलेली. फत्तेलालांनी सेट उभा करायचा म्हणजे चित्र काढायचं आणि मग सुतार, रंगारी, मूर्तिकार यांच्यात जाऊन उभं राहायचं. त्या खालच्या माणसांसाठी पाटीवर जागा नव्हती, तशी कुठल्याच कंपनीत नव्हती. 'संत तुकाराम'मधली आवली ज्यांनी साकारली त्या आजही सूचीत नुसत्या 'गौरी' आहेत. आडनाव नाही, गाव नाही. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत गेलेल्या चित्रपटात ज्यांच्या आवाजाने अजून अंगावर काटा येतो, त्यांची नोंद दोन अक्षरांची. आणि सरस्वतीबाई फाळके? फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहण्यापासून सगळ्या युनिटच्या स्वयंपाकापर्यंत ज्यांनी केलं, त्यांना 'भूमिका', 'दिग्दर्शन', 'छायाचित्रण' यांपैकी कुठल्या रकान्यात घालायचं? रकाना नाही म्हणून माणूस शोधात येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे ही, आणि एवढी कठोर.

फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' म्हणून एक लहान फिल्म केली होती, तिचा तुकडा वाचला आहे. स्वतः फाळके त्यात दिसतात, नटांना शिकवताना, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना. मी ती परत परत बघितली ती मात्र मागच्या माणसांसाठी. टोप्या घातलेले, धोतर खोचलेले, कामात वाकलेले. एकजण कॅमेऱ्याकडे बघतो आणि लगेच मान खाली घालतो, बघायचं नाही असं सांगितलेलं आठवल्यासारखा. कोण असेल तो? त्याच्या घरी आज कोणाला ठाऊक असेल का, की आपला पणजोबा या फिल्ममध्ये दोन सेकंद आहे?

कधीकधी नाव असतं आणि तेच चुकलेलं असतं. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने भारतातल्या जुन्या चित्रफितींचा एक संग्रह ऑनलाइन खुला केला आहे. त्यात १८९९ ची एक चित्रफीत आहे, 'पॅनोरमा ऑफ कलकत्ता'. होडीतून सरकत जाणारा कॅमेरा, घाटांच्या पायऱ्या, अंघोळ करणारी माणसं, छत्र्या. काशीला एकदा जाऊन आलेला कोणीही माणूस पहिल्या क्षणी म्हणेल, हे कलकत्ता नव्हे. आणि ते नाहीच. ते बनारसचे घाट आहेत. आता सूचीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या कचेरीत डब्यावर चिठ्ठी लावणाऱ्याला गंगा कुठलीही चालली. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे ओळखायला विद्वत्ता लागत नाही. पायऱ्या ओळखणारा डोळा लागतो. सूचीला अशा डोळ्यांची गरज आहे, आणि ते डोळे बहुतेक वेळा सूचीपासून फार लांब, कुठल्यातरी सोप्यात बसलेले असतात.

दूरचित्रवाणीचं तर बोलायलाच नको. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्या काळात टेप महाग होती. जगभर हीच तऱ्हा होती. बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे घेतले. नायट्रेट निदान जळताना दिसतं. पुसलेल्या टेपचा धूरही होत नाही.

तर मी आईला घेऊन बसले. इंडियनसिने डॉट मा नावाचा एक खुला ऑनलाइन संग्रह आहे, २०१३ पासूनचा. त्यात चित्रपटाखाली त्याची संपूर्ण लांबी एका आडव्या पट्टीत दिसते, लुगड्याच्या काठासारखी, काळ्या-करड्या उभ्या रेघांची. त्या पट्टीवर कुठेही बोट ठेवायचं आणि नेमकं ते दृश्य उघडायचं; शिवाय सभासद झालात तर त्या क्षणाला टीप जोडता येते. आम्ही १९३२ चा 'अयोध्येचा राजा' लावला. पहिला मराठी बोलपट, कोल्हापुरात बनलेला, आणि दादांच्या नोकरीच्या अगदी सुरुवातीचा. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे दरबारात आले आणि आई म्हणाली, "थांबव." मी थांबवलं. ती पडद्याच्या जवळ गेली. खांब, त्यांच्या तळाशी नक्षी, मागे कमानींची ओळ. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग बोलायला लागली आणि मी वही ओढली.

आतून बांबू, म्हणाली. बांबूवर चटई किंवा गोणपाट, त्यावर प्लास्टर, ते ओलं असताना नक्षीचा साचा दाबायचा, वाळलं की घासायचं, मग रंग. पांढरा रंग चालायचा नाही, डोळ्यांत मारायचा. म्हणून पांढरं दिसायला हवं ते पिवळट रंगवायचे. लाकूड फक्त जिथे माणूस टेकणार, चढणार, बसणार तिथे. "दादा म्हणायचे, राजा बसतो तेवढंच खरं असतं." हा चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत घेतला होता. म्हणजे त्याच खांबांसमोर तोच प्रसंग दोनदा, दोन भाषांत. त्यामुळे सेट जास्त दिवस उभा ठेवावा लागायचा, आणि रात्री प्लास्टरला तडे गेले की सकाळी शूटिंगच्या आधी पोरांना ते भरायला चढवायचे. वजनाने हलकं पोर वर चढणार, आणि सगळ्यात हलके दादा. हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आईलाही आपल्याला हे माहीत आहे हे बहुधा माहीत नव्हतं. खांब समोर आला तेव्हा ते बाहेर आलं. आता त्या दरबारात मला तडे शोधायची सवय लागली आहे. एका खांबावर, उजवीकडे वरच्या अंगाला, एक बारीक तिरकी रेघ आहे. ती फिल्मवरची चीर असेल. किंवा नसेल.

आईला मात्र शंका नाही. "भरलंय ते," ती म्हणाली. "दादांनीच."

ही टीप मी जोडावी का, यावर आमच्यात बराच खल झाला. पुरावा नाही. आईने ऐकलेलं, तेही वडिलांच्या म्हातारपणी, आणि मध्ये इतकी वर्षं. अभ्यासक म्हणून मला माहीत आहे की कुटुंबातल्या आठवणी फुगतात, आपल्या माणसाला मधोमध नेऊन उभं करतात. पण मग मी सेन्सॉरच्या दप्तराकडे बघते, जाहिरातीतल्या 'अलोट गर्दी'कडे बघते, त्या काशीच्या कलकत्त्याकडे बघते, आणि वाटतं, आपण ज्याला पुरावा म्हणतो तोही कोणीतरी, कशासाठी तरी लिहून ठेवलेला होता. तेव्हा मी वाट अशी काढली. खांबाच्या रेघेविषयी काही लिहायचं नाही. सेट कसा बांधत, पांढरा रंग का टाळत, दोन भाषांसाठी तो किती दिवस उभा राहायचा, तडे कोण भरायचं, हे लिहायचं, आणि खाली स्पष्ट म्हणायचं की ही माहिती कोल्हापूरच्या एका सेटिंग कामगाराच्या मुलीने सांगितलेली आहे. दादांचं नाव घालून. मग पुढे कोणी अभ्यासक येईल त्याला खरं-खोटं ताडू दे. ताडायला निदान काहीतरी असेल.

आई तेवढ्यावर थांबली नाही. तिने कोल्हापूरला आतेभावाला फोन लावला आणि अर्धा तास बोलली. तिच्याकडे आता नावांची एक यादी आहे: रंगारी, लोहार, वेशभूषेचं काम करणाऱ्या दोन बायका, दिवे ओढणारे, घोडे सांभाळणारे. काहींची पूर्ण नावं, काहींची नुसती हाक मारायची. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापाशी दर वर्षी हार घालायला येणाऱ्यांत त्यांच्यातल्या कोणाची मुलं असतात, असं आतेभावाने सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. शहरातल्या एका जुन्या घरात, ज्यांचे वडील स्टुडिओत हिशेबनीस होते त्यांच्या माळ्यावर, हजेरीच्या वह्या आहेत म्हणे. बांधणी सुटलेल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई वाचता येते. घर पाडायचं ठरलंय. वह्या रद्दीत घालण्याआधी कोणाला हव्या असतील तर दिवाळीच्या आत घेऊन जा, असा त्यांचा निरोप आहे.

आम्ही येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय. मी संग्रहालयातल्या एका ओळखीच्या बाईंना विचारून घेतलं आहे की असा कागद कसा उचलायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा नाही, पानं बळेच सुटी करायची नाहीत, मऊ ब्रशने धूळ झटकायची, जुन्या सुती कापडात गुंडाळायचं, आणि हलवण्याआधी जागेवरच प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, नावं आणि रोजंदारीचे आकडे दोन्ही दिसतील असा. आईने कपाटातली धुतलेली जुनी धोतरं काढून ठेवली आहेत आणि मला बजावलं आहे की मोबाइल पूर्ण चार्ज करून घे, तिथे माळ्यावर लाईट नाही.